अकराशे मतं

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या या बाईंचं दुकान एवढंसं, की जाडं गिऱ्हाईक आत शिरलं तर बाईंनाच बाहेर उभं राहावं लागे. हाताला मात्र गुण होता. चाक एकदा फिरवलं की आवाजावरून दुखणं सांगत. ही विद्या वडिलांची. त्यांना कुणीतरी फुकट शिकवलं होतं, म्हणून त्यांनीही शिकवण्याची कधी दमडी घेतली नाही.

तीच सगळी विद्या बाईंनी सहा वर्षं, दुपारचं जेवण गार करून, कारागिरांच्या एका संकेतस्थळावर लिहून काढली. तिथे सगळं सगळ्यांना फुकट. "इथे ना मालक, ना साहेब. जितकं लिहाल तितकी मतं, आणि कारभार मतांवर," असं संस्थापक छातीठोकपणे सांगायचा. बाईंची अकराशे मतं झाली. पण रोज उठून मत देणार कोण? माणूस गोड बोलतो, म्हणून पहिल्याच वर्षी एक बटण दाबून त्यांनी आपली मतं त्याच्या हवाली केली होती. बऱ्याच जणांनी तेच केलं.

मग त्यानेच ठराव मांडला. यापुढे लेख पैसे भरणाऱ्यांनाच दिसणार! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच संध्याकाळी त्यांनी आपली मतं परत घेतली, विरोधात मत दिलं आणि आठवडाभर शेकडो सभासदांच्या मिनतवाऱ्या केल्या.

"अगं, मशिनी साचल्यात," वडील म्हणाले.

"साचू देत, बाबा!"

शेवटच्या दिवशी विरोधक पुढे होते. मुदत संपायला दहा मिनिटं उरली आणि संस्थापकाने मत दिलं. ठराव नऊशे मतांनी पास. बाईंनी यादीत स्वतःचं नाव शोधलं, तर पुढे शून्य!

त्यांनी मदत कक्षाला फोन लावला.

"ठराव मांडताना मतं ज्याच्या हवाली होती, त्याचीच धरतात, मॅडम. तुम्ही नंतर परत घेतलीत."

"हा कुठला नियम? केला कुणी?"

"सभासदांनीच, मतदानाने. तेव्हाही तुमची मतं बाजूनेच पडली होती."

एवढं बोलून मदत कक्षातल्या माणसाने वर शुभेच्छाही दिल्या. बाईंना फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

वडील कोपऱ्यातल्या स्टुलावर चष्मा पुसत बसले होते. "काय झालं गं? हरलो का आपण?"

"हरलो. नऊशेने."

"एवढे कोण गं उलटले आपल्यावर?"

बाईंनी पाना उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"मीच, बाबा. अकराशे माझीच होती."