हौसआबांना न पटलेली धामण

राहू गावच्या हौसआबा सुतारांनी आजवर दुसऱ्याच्या चहातली साखरसुद्धा खरी मानलेली नाही. दुकानदार हसला की आबा पुडा उलटा करून बघतात. पाहुणा लवकर उठला की घरातली भांडी नजरेनं चाचपतात. कुदळीचा दांडा, फावड्याचा दांडा, कुऱ्हाडीचा दांडा, यातच त्यांची हयात गेली, आणि एकच शास्त्र त्यांनी पाळलं. लाकूड पायाखाली घालून दाबायचं. जरा जरी लवलं, तरी बाजूला. "आज लवतंय, उद्या दगा देतंय," म्हणायचं, आणि म्हणताना समोरच्या माणसाकडेही त्याच नजरेनं बघायचं.

अशा माणसाकडे नात मोनाली धनुष्य मागायला आली.

कबड्डीत तिचा खांदा निखळला, डॉक्टरांनी कबड्डी बंद केली. मग दौंडला तिच्या कॉलेजात विनोद सर धनुर्विद्या शिकवतात, तिथं ती रमली. पण कॉलेजचं धनुष्य ओढायला जड. चार बाणांत खांदा ठणकायचा. सर म्हणाले, इंग्रजांचं जुनं लांब धनुष्य असायचं, अखंड एका लाकडाचं, माणसाच्या उंचीचं. तसं, पण ओढायला हलकं करून आण, नाहीतर खांदा पुन्हा निखळायच्या आत खेळ सोड. धामणीचं लाकूड मिळालं तर उत्तम.

"धामणीचंच का?" आबांनी विचारलं. "सरांचं कोण वखारीत हाय का?"

मोनालीनं सांगितलं, सर लांबचे, त्यांचं इकडं कुणीच नाही. त्यावर आबांचा संशय आणखी बळावला. परका माणूस, आणि लाकडाचं नाव बरं तोंडपाठ.

न्हावरे गावी एसटी बदलून दोघं शिरूरच्या वखारीत पोचली. वखारवाला रोहिदास तोंडात साखर धरून बोलणारा. या आबा, बसा आबा, पानी घ्या आबा. त्यानं धामणीची एक लांब, वाळलेली फळी काढली, गुडघा लावून मधोमध दाबली. फळी वेतासारखी लवली आणि सोडताच सरळ झाली.

"नाव सापाचं, चाल सापाची," आबा म्हणाले. "बाभूळ दाव."

बाभूळ दांड्याला नामी, पण धनुष्याला म्हणजे पोरीनं दाराची चौकट ओढावी तसं होईल, असं रोहिदासनं परोपरीनं सांगितलं. आबांनी ओळखलं, खरा माल हा दडवतोय. पायाखाली न लवणारी बाभूळच त्यांनी उचलली. शेवटी रोहिदासनं कंटाळून धामणही त्यांच्या खांद्यावर ठेवली. "ही बी न्या आबा. फुकाट. खोटी निघाली तर माज्या दारात आनून जाळा."

परतीच्या वाटेवर आबांना एकच भुंगा. फुकट का? नक्की आतून किडलीय. प्रत्येक थांब्यावर ते फळी फिरवून भोकं शोधत होते.

बाभळीचं धनुष्य देखणं झालं. अंगणात मोनालीनं दोरी ओढली. ती वीतभरही येईना. तिनं दात आवळून पुन्हा ओढली आणि हात खाली सोडला.

"दुखलं?"

"न्हाई."

आबांचा कुणाच्या 'न्हाई'वरही विश्वास नव्हता. तिचा खांदा थरथरत होता. ती पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "उद्या सरांना सांगते आबा, माझं नाव काढा म्हणून."

आबा उठून भिंतीकडे गेले. धामण तिथंच टेकून होती. आठवडाभर त्यांनी तिला उन्हात घातलं होतं, ठोकून बघितलं होतं. तुकडे झाले असते तर तेच रोहिदासच्या दारात टाकायचे होते. आता त्यांनी तिची दोन्ही टोकं विटांवर टेकवली आणि रागानं मधोमध उभेच राहिले. धामण जमिनीपर्यंत लवली. आबा उतरले, तशी वर आली. कुठं कुरकुर नाही.

आबा तिथंच खाली बसले.

"मोने, दांड्याचं लाकूड दिलं गं मी तुला," ते म्हणाले. "जे लवत न्हाई त्येच खरं, ह्येवढंच मला ठावं."

मग रंधा निघाला. सालीकडच्या बाजूला आबांनी हात लावला नाही. तिथली रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ठेवली. ती तुटली की लाकूड तिथंच फाटतं. आतली बाजू तेवढी तासायची, आणि चार हात मारले की मोनालीला ओढायला लावायचं. ती म्हणायची, बरं वाटतंय आबा. आबा ऐकून घ्यायचे आणि खांदा बघायचे. खांदा कानाकडे चढला की धनुष्य परत मांडीवर. ती "आता बास" म्हणाली, त्यानंतरही ते तासतच होते.

अखेर दोरी गालापर्यंत आली. आबांनी लाकडाजवळ कान नेला.

"बाजूला व्हा आबा, बाण सोडायचाय."

"थांब. हे ह्येवढं गप कसं?"

समोरच्या भुशाच्या पोत्यात बाण रुतला. आबांनी तिकडं पाहिलंच नाही. मोनालीचा खांदा जागच्या जागी होता.

"नाव ऱ्हाऊ दे म्हनावं सरांना," ते म्हणाले. "पन आजून एक मार. एकावर काय भरवसा."