बाटलेली कळशी

माझी मूठ माझ्या बापानं उघडली. एकेक बोट करून. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. मी नऊ वर्षांची होते. नखं तळहातात रुतेपर्यंत मी मूठ आवळली होती. मुठीत कागदाची एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर बाराचा आकडा. मांडवातली सगळी माणसं बघत होती. बाप माझ्या कानाशी म्हणत होता, "सोड बाई. सोड माय. लोकं बघायलेत."

शेवटी सुटली. बापानं चिठ्ठी उचलली, सरळ केली आणि वाकून मोठ्या गावच्या नानांच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवली. हातात दिली नाही. हातात द्यायची नसते हे त्याला ठाऊक होतं. मला ते त्या दिवशी कळलं.

हे कसं झालं ते सांगते.

आमच्याकडं, गेवराई तालुक्यात, तलाव झाला. त्यात दोन गावं गेली. एक नानांचं मोठं, एक आमचं लहान. दोन्हींना मिळून एका माळावर नवं गावठाण आखलं. कागदावर त्याचं नाव वेगळं आहे, पण तलवाड्याच्या बाजारात अजूनही विचारतात, "पुनर्वसनातले का तुमी?" तेव्हा तो नुसता माळ होता. देऊळ नव्हतं, वेस नव्हती, वरची आळी नव्हती. पांढरी फक्की मारून चौकोन पाडलेले आणि प्रत्येक चौकोनाला आकडा.

आदल्या दिवशी बापानं मायला सांगितलं, "चिठ्ठ्या टाकणार हायेत. ज्याच्या नशिबाला जो निघंल तो प्लॉट."

माय म्हणाली, "म्हंजी त्यांच्या शेजारी आपण? असं कुठं असतंय व्हय?"

"सरकारी हाय," बाप म्हणाला. त्याचा त्या शब्दावर फार विश्वास होता. आमच्या घरात आजोबांच्या पिढीतच बौद्ध धम्म आला. देव गेले, पण सरकार राहिलं. बापाला ते देवाच्या जागी होतं.

चिठ्ठ्या टाकायला भांडं पाहिजे होतं. ते नानांच्या घरून आलं. तांब्याची कळशी. चिंचेनं घासलेली, उन्हात डोळ्यावर यायची. पुनर्वसन खात्याचे साहेब म्हणाले, लेकराच्या हातानं काढू, म्हणजे कुणाला संशय नको. मी शाळेच्या कपड्यात पुढंच उभी होते, वेण्यांना लाल फिती. साहेब बाहेरगावचे. त्यांनी माझा दंड धरला आणि मला कळशीपाशी उभं केलं. मोठ्या गावातले लोक मला ओळखत नव्हते. आमच्या गावच्या वरच्या आळीतले मागं बाभळीखाली तंबाखू मळत बसले होते. बाप मांडवाच्या कडेला होता. त्यानं बघितलं. तेव्हाच त्यानं मला हाक मारायला पाहिजे होती. पण साहेबांनी धरलंय म्हणजे सरकारी आहे, असं त्याला वाटलं असणार.

कळशीचं तोंड अरुंद होतं. हात कोपरापर्यंत आत जायचा. आत गार लागायचं. साहेब नाव वाचायचे, मी चिठ्ठी काढायची, लोक टाळ्या वाजवायचे. मला एवढा मान आयुष्यात कुणी दिला नव्हता. नानांचं नाव आलं. मी काढली ती अकरा नंबरची निघाली. देवळाच्या जागेसमोर, कोपऱ्यावर, दोन्ही अंगांनी रस्ता. नाना खूश झाले.

"पोरीचा हात लई गुणाचा हाय," ते म्हणाले आणि माझ्या तळहातावर पेढा ठेवला.

त्यानंतर माझ्या बापाचं नाव आलं. मी हात घातला. बारा. नानांच्या भिंतीला भिंत.

मी उडीच मारली. "साहेब, ही आमची हाय! माझ्या बापाचं नाव हाय हे!"

बाभळीखालून कुणीतरी उठून म्हणालं, "अहो नाना, ती वस्तीवरची पोर हाय. आमच्या गावच्या."

नाना ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. ते नुसते कळशीकडं बघत राहिले. मग साहेबांना म्हणाले, "हात कुणाचा घातला तुमी कळशीत?"

साहेब फाइल चाळायला लागले. तिच्यात याचं उत्तर असल्यासारखी पानं उलटत होते.

"लेकराची काय चूक?" नाना हसून म्हणाले. "लेकरू हाय. पण कळशी बाटली ना. देवघरातली व्हती आमच्या."

लोकही हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं. रागानं बोलले असते तर मी रडले असते. हसले, म्हणून मी मूठ आवळली. नानांनी दिलेला पेढा तोंडात तसाच होता, गिळता येईना आणि थुंकता येईना.

मग नानांनी मार्ग काढला. मार्ग काढण्यात त्यांचा हातखंडा. त्यांच्या घरून स्टीलचा डबा आला. शिपायानं कळशी सतरंजीवर पालथी केली. वरच्या अंगाच्या प्लॉटच्या चिठ्ठ्या निवडून डब्यात टाकल्या. ओढ्याकाठच्या खालच्या वीस प्लॉटच्या चिठ्ठ्या पुन्हा कळशीत. "कळशी आता त्यांचीच झाली. त्यांच्या त्यांच्यात काढू द्या." एवढ्यानं झालं. ज्या माळावर वरची आळी नव्हती तिथं ती झाली, आणि माझ्या हातामुळं झाली असं त्यांनी मलाच दाखवलं.

फक्त बारा नंबर राहिला होता. तो माझ्या मुठीत होता. तो कसा सुटला ते वर सांगितलंच.

बापानं कागदावर अंगठा दिला. स्वखुशीने अदलाबदल, असं त्यावर लिहिलेलं होतं. खालच्या प्लॉटची चिठ्ठी त्याला मिळाली. निघताना नाना म्हणाले, "ती कळशी घेऊन जा रे. आमच्या आता काय कामाची?"

बापानं ती घेतली. घरी मायनं हातात तोलून बघितली. "लई जड हाय गं. चांगल्या तांब्याची हाय," ती म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. आमच्या घरात तोपर्यंत तांब्याचं भांडं नव्हतं. मला मायचा एवढा संताप आला की मी दोन दिवस जेवले नाही. तिला वाटलं, पोरीला ऊन लागलं.

त्या कळशीतलं पाणी मी कधी प्याले नाही. रांजणातलं पीत राहिले.

खालच्या अंगाला राहणं म्हणजे काय ते राहिल्याशिवाय कळत नाही. अख्ख्या पुनर्वसनाची गटारं उतारानं आमच्या दारावरून ओढ्याला जातात. नानांच्या घरी कोणता साबण आला ते आम्हाला गटारातून कळायचं. दिवाळीत चंदनाचा वास यायचा. बारा नंबरवर घर कुणी बांधलंच नाही. तिथं नानांनी म्हशी बांधल्या. रोज शाळेत जाताना मी त्या बघायची. बारा नंबरला म्हशी चालल्या, आम्ही नाही चाललो. लहानपणी मला म्हशींचा हेवा वाटलेला आहे, आणि हे लिहायची मला लाज नाही.

बापाशी मी बरीच वर्षं धड बोलले नाही. एकदा, कॉलेजात असताना, तोंडावर विचारलं, "कावून उघडली माझी मूठ?"

तो म्हणाला, "दुसऱ्या दिवशी त्यांच्याच शेतात कामाला जायचं व्हतं, माय. बाराला ऱ्हायलो असतो तर रोज मेलो असतो."

"खाली राहून काय केलं मग?"

चार वर्षांनी तो वारला. मी त्याला माफ केलं का, असं लोक विचारतात. नाही केलं. पण त्याची मूठ कुणी उघडली असेल, किती लहानपणी, हा विचार आता येतो.

लग्न झालं, मोडलं, मी माघारी मायपाशी आले. आता गावात आशाताईचं काम करते. घरोघर जाते. नानांच्या घरीही जाते. त्यांच्या नातसुनेच्या पोटाला याच हातानं टेप लावली. तिच्या बाळाच्या तोंडात पोलिओचे थेंब याच हातानं टाकले. ते चालतं. थेंब टाकून झाले की मला पाणी देतात, कागदाच्या ग्लासात. घरातल्यांचे स्टीलचे ग्लास मांडणीवर चकचकत असतात. ग्लास मी जाताना उकिरड्यावर टाकते, पाण्यासकट.

यंदा नवीन रस्ता आला. मोठा, चौपदरी. तो पुनर्वसनाच्या खालच्या अंगानं जाणार. आमच्या वीसच्या वीस घरांवर लाल रंगाच्या फुल्या पडल्या. आमच्या वर त्यांची एक ओळ आहे, तिच्यातल्या आठ घरांवरही पडल्या. बदल्यात शाळेमागच्या राखीव जागेत प्लॉट. अठ्ठावीस घरं, अठ्ठावीस प्लॉट. एकदा उठवलेल्यांना परत उठवायचं. त्याचं दुःख आहेच. पण मला पहिल्यांदा आठवली ती चिठ्ठी.

सोडत ग्रामपंचायतीपुढं ठेवली. नानांचा मुलगा आबा आता सरपंच आहे. शिकलेला, गोड बोलणारा. जयंतीला आमच्या वस्तीत येऊन समतेवर भाषण करतो, आमच्यातले काही टाळ्या वाजवतात. खुर्चीत नाना बसले होते. खूप थकलेत आता, मान हलते. टेबलावर प्लॅस्टिकच्या दोन बरण्या होत्या.

रस्त्याच्या कामाच्या नव्या साहेबांनी विचारलं, "दोन का?"

आबा म्हणाला, "साहेब, एकात आठ, एकात वीस. घोळ न्हाई व्हायचा. ह्यांना बी एकत्र ऱ्हायला बरं पडतंय. स्वखुशी हाय सगळ्यांची. इचारा."

साहेबांनी आमच्याकडं बघितलं. आमची माणसं जमिनीकडं बघत होती. तोच शब्द. स्वखुशी. बाप मेला तरी त्याचा अंगठा अजून वापरतायत.

मी उठले आणि घरी गेले. माय चुलीपुढं होती. कळशी पाण्यानं भरलेली होती. मी ती अंगणात रिकामी केली.

"कुठं न्यायलीस ती?" माय म्हणाली.

"जिथून आली तिथं."

मायला कळलं. तिनं धावत येऊन माझं मनगट धरलं आणि माझी बोटं कळशीच्या गळ्यावरून सोडवायला लागली. एकेक. आधी करंगळी. "नको गं. आपल्याला हितंच ऱ्हायचंय." मला तिची कीव आली. पण बोटं सुटली नाहीत. मी आता नऊ वर्षांची नाही.

कळशी टेबलावर ठेवली. दोन्ही बरण्या तिच्यात उलट्या केल्या. कुणी अडवायच्या आत झालं ते.

"चिठ्ठ्या यातून निघतील," मी साहेबांना म्हणाले. "सगळ्यांच्या. लेकरू बोलवायचं नाही. ज्यानं त्यानं आपल्या हातानं काढायची. कोपरापर्यंत हात घालून."

नानांची मान हलायची थांबली. ते कळशीकडं बघत होते. "आमची हाय ती कळशी," ते हळूच म्हणाले.

"होती, नाना. माझा हात लागला म्हणून तुम्ही टाकली. सांगा साहेबांना. का दिली होती ते सांगा."

कुणी हसलं नाही. साहेबांनी आबाकडं बघितलं. आबाचं तोंड उतरलं, मग लाल झालं. "ताई, जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या?"

"मग घाला हात. सरपंच म्हणून पहिला तुमचा."

त्यानं टेबलाच्या दिशेनं एक पाऊल टाकलं. अठ्ठावीस घरं बघत होती. आठ घरं तर डोळे फाडून बघत होती. त्याचा हात कळशीच्या तोंडापर्यंत आला आणि तिथं थांबला. खिशात गेला. मोबाइल काढून तो म्हणाला, "आज वेळ झालाय. मंगळवारी घेऊ."

साहेबांनी चिठ्ठ्या फाइलीत घातल्या, मी कळशी उचलली आणि लोक पांगले. जाताना आबा माझ्या जवळून गेला आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझं आशाचं काम ग्रामपंचायतीच्या ठरावावर हाय. ध्यानात ठेव." रात्री वस्तीतली दोन माणसं आली आणि समजूत घालून गेली, की वीस प्लॉट तर मिळतायतच, कशाला वाकडं घ्यायचं. ती वाईट माणसं नाहीत. त्यांच्या मुठी लहानपणीच उघडलेल्या आहेत.

मंगळवार परवा आहे. काम जाईल, जाऊ दे. कळशी मी चिंचेनं घासून ठेवली आहे. आज पहिल्यांदा तिच्यातलं पाणी प्याले. तांब्याचं पाणी कडवट लागतं. परवा कळशी टेबलावर असेल आणि चिठ्ठ्या तिच्यात असतील. त्या मी कुणाला निवडू देणार नाही. पहिला हात आबाचा जाईल. त्यानं नाही घातला, तर एकही चिठ्ठी निघणार नाही, एकही अंगठा उठणार नाही, आणि माझ्या घरावरून रस्ता न्यायचा असेल तर त्यांना मला घरातून उचलावं लागेल. उचलायचं म्हणजे त्यांना मला हात लावावा लागेल.