चाल बाहेर पाठवा

रविवार, १४ डिसेंबर. सकाळचे सव्वानऊ. मुलांचा खालच्या सुरांचा गट गाताना तिसऱ्यांदा वरच्या चालीवर सरकला आणि कंडक्टर सरदेसाई यांनी बॅटन स्टँडवर ठेवली.

त्यांनी आवाज चढवला नाही. पुण्याहून ऑर्केस्ट्रा घेऊन आलेला हा तरुण मनुष्य शांत होता. मला त्यांनी बाजूला घेतले.

"मास्तर, हे होत नाहीये. पाचला शो आहे. मला अजून सगळा प्रोग्रॅम एकदा रन करायचाय."

"किती वेळ देता?"

"एकपर्यंत. मागचा हॉल घ्या. एकला मी ऐकतो. नाही जमलं तर मुलांचा आयटम काढतो. मुलं प्रेक्षकांत बसतील."

"मुले कन्नड गावाहून पहाटेच्या एसटीने आली आहेत."

"माहीत आहे. म्हणून तर एकपर्यंत म्हणालो."

त्यांचे बरोबर होते. कार्यक्रम शैक्षणिक होता. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली हार्मनी म्हणजे काय, हे शहरातल्या मुलांना आणि पालकांना ऑर्केस्ट्राच्या मदतीने समजावून द्यायचे होते. मंचावर हार्मनीच मोडली तर समजावण्यासारखे काही उरत नाही.

आपल्याकडे एक जण चाल गातो आणि बाकीचे तिच्या मागून जातात. पेटीही तीच चाल वाजवते. तिकडे एकाच वेळी वेगवेगळे सूर लावतात, मात्र ते एकमेकांशी जुळतील अशा बेताने. एकाने सा लावला, दुसऱ्याने ग, तिसऱ्याने प, आणि तिघे आपापल्या जागी राहिले, की कॉर्ड तयार होते. एक जरी शेजाऱ्याकडे गेला तरी ती संपते. प्रत्येकाला नेमून दिलेल्या भागाला पार्ट म्हणतात. आमच्या मुलांचे तीन गट होते. वरच्या गटाकडे चाल होती. मधल्या आणि खालच्या गटाकडे त्या चालीला धरून ठेवणारे पार्ट होते.

मी एका सरकारी बॅन्डचा बॅन्डमास्टर होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचणारी आणि रविवारी रिकामी असणारी माणसे गावात फार नाहीत, म्हणून संयोजकांनी मला बोलावले. काम लहान होते. कंडक्टरचे लक्ष ऑर्केस्ट्राकडे असते. मुलांसमोर उभे राहून त्यांचाच बीट मी हाताने मुलांना द्यायचा.

होकार देण्याचे कारण वेगळे होते. मला कॉर्ड ऐकायची होती. रेकॉर्डिंगमधली नव्हे, समोर उभ्या माणसांच्या छातीतून निघणारी. माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळात बॅन्डमधली माणसे एकेक करून निवृत्त झाली. आधी सेकंड कॉर्नेट, म्हणजे दुसरा पार्ट वाजवणारे तुतारीसारखे वाद्य गेले, मग युफोनियम गेला. युफोनियम हे जाड आवाजाचे पितळी वाद्य आहे. ते बहुधा खालचा पार्ट वाजवते आणि लोकांच्या लक्षात येत नाही. उरलेले सगळे चालच वाजवू लागले. संचलनाला तेवढे पुरते.

घरी उलटे झाले. मी मूळचा युफोनियमवाला. सकाळी दाढी करताना माझा पार्ट गुणगुणण्याची मला सवय होती. पत्नी मंगल संगीत शिकलेली नव्हती. तरी स्वयंपाकघरातून ती त्यावर वरची चाल लावत असे. ऐकून ऐकून तिला ती पाठ झाली होती. ती गेली. पार्ट मी अजून गुणगुणतो. वर काही येत नाही.

मागच्या हॉलमध्ये शेळके बाई पेटी उघडून बसल्या होत्या. त्या कन्नडच्या शाळेत संगीत शिकवतात. मुले त्यांनीच तयार केली होती.

"मास्तर, पोरं बेसूर नायत माझी."

"बेसूर असती तर सोपे होते."

"मग दुखणं काय हाय? दिवाळीपासून घोटून घेतलंय. एकेक गट घेतला की चोख म्हणतेत. एकत्र उभे केले की चालले वर!"

मी एकदा सगळ्यांना गायला लावले. तेच झाले. खालच्या गटातल्या पुढच्या मुलीला विचारले. तिचे नाव वैष्णवी.

"तू वर का गेलीस?"

तिने बाईंकडे पाहिले.

"खरे सांग. रागावत नाही."

"सर, त्या वरच्या पोरी म्हणायल्यात ना गाणं. मग आम्ही आपलं वेगळंच कशाला म्हणायचं? बरं दिसत नाय."

मागून एक मुलगा म्हणाला, "आमच्या भजनात असं केलं तर आजोबा टाळ फेकून हाणतील, सर."

हॉल हसला. मी हसलो नाही, पण मला उत्तर मिळाले. ही मुले चुकत नव्हती. रीत पाळत होती. मुख्य आवाज कोणाचा ते ओळखायचे आणि त्याच्या मागे जायचे, हे त्यांना घरीदारी शिकवले गेले होते. पेटीही तेच करत होती. एकेक गट शिकवताना बाई त्या त्या गटाचा पार्ट वाजवत. सगळे एकत्र गाऊ लागले की त्यांची बोटे सवयीने चालीवर जात.

"बाई, पेटी बंद करा."

"आँ? मग पोरांनी धरायचं काय?"

"एकमेकांना. आणि वरचा गट बाहेर पाठवा."

"बाहेर म्हणजे?"

"चहाला. चहा पीत नसतील तर बिस्किटे द्या."

"मास्तर, या माझ्या सगळ्यात चांगल्या पोरी आहेत! जिल्ह्यात नंबर आणलाय त्यांनी. त्यांनाच बाहेर काढता?"

"त्यांनाच."

"आन् त्यांचे आईबाप आलेत बघायला. त्यांना काय सांगू मी?"

"बिस्किटे खात आहेत म्हणून सांगा."

बाई उठल्या. "बॅन्डातली माणसं कशी राहिली असतील या माणसाजवळ," असे मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणत मुलींना घेऊन गेल्या.

ही बॅन्डची जुनी पद्धत आहे. नवी धून बसवताना चाल वाजवणाऱ्या पहिल्या कॉर्नेटला मैदानाबाहेर पाठवायचे. चालच नसली की खालच्या पार्टना पळून जायला जागा राहत नाही. त्यांना एकमेकांचे ऐकावे लागते.

मी दोन्ही गटांना सांगितले, "आज मुख्य तुम्ही. गाणे तुमचे आहे. त्या मुली साथीला येतील."

"त्यांना म्हाईत आहे का सर हे?" वैष्णवीने विचारले.

"कळेल."

सुरुवातीला आवाज दबका होता. मग कोणी पळत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले आणि आवाज बसला. दोन्ही पार्ट चारही ओळी जागेवर राहिले. चाल नव्हती. तिची जागा मात्र स्पष्ट ऐकू येत होती. ती कुठे सुरू होईल, कुठे श्वास घेईल, कुठे खाली येईल, सगळे कळत होते. हा आवाज माझ्या परिचयाचा होता. मी घड्याळ पाहिले आणि पुढचे काम घेतले.

बाहेर व्हरांड्यात जाऊन वरच्या गटाला म्हणालो, "आत सगळे तुमच्यासाठी तयार आहे. मुख्य तुम्ही. गात गात आत यायचे."

बाईंनी मला अडवले. "दोघांनाबी मुख्य म्हणालात की!"

"हो."

"मग खोटं कुणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही."

आधी दार बंद ठेवून मुलींना बाहेर गायला लावले. आतले दोन्ही गट टिकले. मग दार अर्धे उघडले. मधला गट डळमळला. वैष्णवीने कानात बोटे घातली.

"हात खाली घे. ऐकायचे आणि तरीही जायचे नाही. कान बंद करून गायचे तर घरी बसावे."

मग मुली आत आल्या. पहिल्यांदा शेवटची ओळ मोडली. पुन्हा केले. तेव्हा टिकली. तिसऱ्या वेळेलाही टिकली, पण ती मुलांनी इतकी जपून गायली की तिच्यात जीव नव्हता. मी तसे सांगितले. बाईंनी माझ्याकडे रागाने पाहिले आणि मुलांना पाणी दिले.

एक वाजता सरदेसाई दारात येऊन उभे राहिले. पूर्ण ऐकले.

"काय केलंत?"

"चाल बाहेर पाठवली."

त्यांनी दार एकदा लावून पुन्हा उघडून पाहिले. मग म्हणाले, "स्टेजवरही हेच करू. लोकांना आधी चालीशिवाय ऐकवू. मुली ऑडिटोरियमच्या मागच्या दारातून गात येतील."

हे मला सुचले नव्हते. मी एवढेच म्हणालो, "या गाण्यात व्हायोलिन गप्प ठेवा. ती चाल वाजवतात. मुले तिकडे ओढली जातील."

"ठेवतो. फक्त खालच्या सुरांचे चेलो आणि व्हायोला."

शो पाचला सुरू झाला. हॉल भरलेला होता. मुलांचे गाणे शेवटून दुसरे होते. दोन्ही खालचे पार्ट गाऊन झाले तेव्हा सरदेसाई प्रेक्षकांकडे वळले.

"कसं वाटलं? खरं सांगा."

मधल्या रांगेतून एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "अर्धवट वाटतंय, साहेब. कुणीतरी यायचं राहिलंय."

लोक हसले. सरदेसाईही हसले. "बरोबर. आता ऐका."

मुलांनी पुन्हा पहिली ओळ धरली. माझ्या पाठीमागे, लांब, दार उघडले. मुली गात पायऱ्या उतरू लागल्या. माझे तोंड मुलांकडे होते, त्यामुळे त्या मला दिसत नव्हत्या. आवाज जवळ येत होता, एवढेच. चाल त्या दोन पार्टवर येऊन टेकली आणि माझा हात थांबला. किती वेळ थांबला, सांगता येणार नाही. कॉर्ड पूर्ण होती. हलावेसे वाटत नव्हते.

मुले थांबली नाहीत. वैष्णवी माझ्या थांबलेल्या हाताकडे पाहत होती आणि तिचा खालचा सूर जागच्या जागी होता. तिसऱ्या ओळीला मी हात पुन्हा उचलला. चौथी ओळ सगळ्यांनी एकत्र संपवली.

विंगेत सरदेसाई म्हणाले, "मास्तर, मध्ये तुमचा बीट गेला होता."

"गेला होता."

"मुलांना कळलं नाही बहुतेक."

"कळले. त्यांना पार्ट येत होता."

ते शेवटच्या आयटमसाठी मंचावर परतले. शहाणा मनुष्य.

मी मुलांबरोबर बसस्टँडपर्यंत गेलो. शेळके बाई गर्दीत डोकी मोजत होत्या. मोजून झाल्यावर माझ्याकडे आल्या.

"मास्तर, पुढच्या बारीला बी माझ्या पोरी बाहेरच का?"

"हो."

"गोड बोलणं नायच का तुमच्याकडं?"

"नाही."

"मग शनिवारी या कन्नडला. शाळा सकाळची असती. पेटी बंद ठेवते, बस?"

मी बघतो म्हणालो.

गाडी सुटली तेव्हा मुले खिडक्यांतून तेच गाणे म्हणत होती. सगळी मुले वरची चाल म्हणत होती. तिन्ही गट. वैष्णवीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

एका दिवसात बसवलेली कॉर्ड दुसऱ्या दिवशी तशीच सापडेल, असे धरून चालू नये. ती पुन्हा बसवावी लागते आणि त्यासाठी माणसे पुन्हा जमवावी लागतात.

चौकशीच्या खिडकीवर शनिवारच्या कन्नडच्या पहिल्या गाडीची वेळ विचारली. रिक्षाने गारखेड्याला घरी आलो. आमच्या भागाचा पाण्याचा दिवस होता. टाकी भरून घेतली आणि मोटर बंद केली.