दिव्यांची कॉलर

कॅप्टन कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतते. पन्नाशी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे. कारखान्यामागच्या पडीक जागेत तिने व्हॉलीबॉलची जाळी बांधली आणि शिफ्ट सुटल्यावर बायकांना खेळायला ओढून आणलं. मी कारखान्यातली नाही, तिची शेजारीण. पण कॅप्टनला नाही म्हणणं कोणालाच जमत नाही.

अडचण होती अंधाराची. थंडीत शिफ्ट सुटेपर्यंत दिवस मावळायचा. मैदानावर वीज नाही. त्यात नगरपालिकेच्या साहेबाने ठरवलं, ही जागा रिकामीच पडून असते, ट्रक लावायला देऊन टाकू.

"रिकामी?" कॅप्टन त्याच्या टेबलासमोर म्हणाली. "शनिवारी दिवस मावळल्यावर या. स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मग द्या कोणाला द्यायची ती."

वर्गणी काढून दोन सौर दिवे आणले. तिचा दीर गवंडी. त्याने जाळीच्या दोन टोकांना समोरासमोर खांब रोवले. प्रत्येक दिव्यावर पॅनेल. दिवसा उन्हावर बॅटरी भरायची, पॅनेलवरचा उजेड गेला की दिवा आपोआप लागायचा.

शुक्रवारी अंधार पडला. दिवे लागले. आम्ही टाळ्या वाजवल्या. दिवे विझले. पुन्हा लागले. पुन्हा विझले.

"वहिनी, हे तर एकमेकांना डोळा मारतायत!"

"तुमच्यावर गेलेत, भाऊजी. ऐन कामाच्या वेळी चाळे."

सगळ्या हसल्या. पण साहेब उद्या येणार होता.

कॅप्टन कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग शिडी चढली आणि एका दिव्यापुढे ओढणी आडवी धरली. समोरचा दिवा लागला. लागलेलाच राहिला.

"याचा उजेड त्याच्या पॅनेलवर पडतोय," ती वरून ओरडली. "त्या बिचाऱ्याला वाटतं, उजाडलं!"

सकाळी तिने अंगणात वर्तमानपत्र पसरलं. आधी कागदावर बेतलं, मग तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला.

"काय करतेस?" मी विचारलं.

"कॉलर. उजेड खालीच पडला पाहिजे."

"गळ्याचं माप घेतलंस का?" दिराने विचारलं.

"तुमचंही घेऊ का? गप शिडी धरा."

संध्याकाळी साहेब आला, तेव्हा दोन्ही दिवे स्थिर होते. मैदान दुधासारखं पांढरं दिसत होतं. सहा-सहा बायका दोन्ही बाजूंना, घामाघूम. मी आ वासून दिव्यांकडे बघत राहिले आणि चेंडू माझ्या खांद्यावर आदळला.

"झोपलीस का गं?" कॅप्टन गरजली. मग मागे वळली. "साहेब, रेषेबाहेर उभे राहा. खेळ चालू आहे."

साहेब रेषेमागे सरकला. बराच वेळ बघत राहिला.

"ट्रकांना दुसरी जागा शोधतो," शेवटी तो म्हणाला.

"बरं," कॅप्टन म्हणाली आणि सर्व्हिस मारली.