काजूच्या बियांवरचा डाव

आमोण्याची माणसं मला बघायला मयेत आमच्या घरी आली, तोवर मी पोकरवर पोट भरायला लागून बरीच वर्षं झाली होती. आधी डिचोलीत एका कंपनीचे हिशेब बघायचे. संध्याकाळी घरी कॉम्प्युटरवर पोकर शिकले, मग स्पर्धा खेळू लागले आणि एक दिवस नोकरी सोडली. पुढे शिकवणीही सुरू केली. पुण्याचे, बंगळुरूचे विद्यार्थी स्क्रीनवर यायचे. पणजीला नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या, पण आम्हा गोंयकारांना तिथे खेळायला मनाई. म्हणून स्पर्धेसाठी मी विमानाने व्हिएतनामला जायचे. बाबा शेजाऱ्यांना सांगत, "कंपनीच्या कामाक गेलां."

त्या सकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "विचारल्यार कॉम्प्युटरचें काम म्हण. चड उलोवं नाका."

जास्त बोलणार नाही म्हणून मी मान हलवली. पण मुलाच्या वडिलांनी, ते निवृत्त हेडमास्तर, उंडा पावाचा तुकडा पातळभाजीत बुडवत थेट विचारलं, "बाय, तू करता कितें?" आणि मला खोटं बोलवेना.

"पोकर खेळते. शिकवतेही."

"म्हणजे जुगार?"

आई चहा ओतायची थांबली. बाबा खिडकीतून माडाकडे बघायला लागले.

"नशीब आहेच त्यात," मी म्हटलं. "एखादा डाव कुणीही जिंकेल. पण सतत खेळायचं तर कुठली पानं टाकायची ते कळावं लागतं. मी बहुतेक डाव सोडूनच देते."

मास्तर मला निरखत राहिले. मग ताटली बाजूला सारून म्हणाले, "दाखय तर."

गणेशचवथीला खेळायचे पत्ते कपाटात होते. कोपऱ्यात काजूच्या बियांचं पोतं होतं, त्यातल्या मूठमूठ बिया सगळ्यांना वाटल्या. प्रत्येकाला दोन झाकली पानं, मधे पाच उघडी. त्या सातांतून ज्याची पाच भारी, त्याच्या मधे लावलेल्या सगळ्या बिया. जास्त बिया लावून दुसऱ्याला घाबरवलं आणि डाव सोडायला लावलं, तरी जिंकलात.

मास्तर एकही डाव सोडेनात. "पानां हातांत आयल्यार टाकची कशी?" म्हणत म्हणत त्यांच्या बिया संपल्या, आणि ते माझ्या आईच्या पानांत डोकवायला लागले. मुलगा, पेडण्याला बँकेत नोकरीला, मात्र गप्प. पानं बघायचा, टाकायचा आणि उंडा खात राहायचा. शेवटी आम्ही दोघंच उरलो. तेव्हा त्याने आपल्या सगळ्या बिया मधे सरकवल्या.

माझ्याकडे नुसती सत्त्यांची जोडी. मी त्याच्याकडे बघितलं. इतका वेळ खाणाऱ्या माणसाच्या हातात उंड्याचा तुकडा तसाच होता आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मागे बसलेल्या माझ्या आत्येने मला चिमटा काढला. "आज तरी हर गो!"

मी माझ्याही बिया पुढे केल्या. त्याने पानं उलटली. हातात काही म्हणजे काहीच नव्हतं! मास्तर मांडीवर थाप मारून एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मुलगाही हसला.

"कशें कळ्ळें?" त्याने विचारलं.

"त्याला फी पडते."

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "वर्ग कधीपासून?" त्या हिवाळ्यात आमचं लग्न झालं.

पुढे देशात पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि माझे निम्मे विद्यार्थी गळाले. काही महिने मी फार उदास होते. रोज कॉम्प्युटर उघडायचा आणि मिटायचा. तेव्हा नवऱ्यानेच मांद्र्याला एका ओळखीच्या गेस्टहाऊसचा व्हरांडा रविवार सकाळसाठी मागून घेतला. आता तिथे मी पैसे न लावता, नुसत्या प्लास्टिकच्या चकत्यांवर शिकवते. निवृत्त माणसं येतात, सुट्टीवरचे पाहुणे येतात. वर्षातून एकदोनदा परदेशातल्या स्पर्धाही खेळते.

गेल्या रविवारी एका आजींनी नवीनच आलेल्या तरण्याताठ्या पाहुण्याला सगळ्या चकत्या पुढे सरकवून अशी थाप मारली की त्याने राजांची जोडी टाकून दिली. आजींनी आपली पानं दाखवली, नुसती तिर्री आणि अठ्ठी. त्यानंतर मला शिकवणं जमेना. बोलायला गेले की कुणीतरी हसत सुटायचं. शेवटी पत्ते डब्यात घातले आणि सगळे मिळून समुद्रावर पाय भिजवायला गेलो.