खांद्यावरचा हात आणि चुकीचा दाखला

लिहीन लिहीन म्हणत महिना गेला. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं... कारण खरं लिहायचं तर मी जळलो, हे लिहावं लागतं. तेही स्वतःच्या मावसभावावर, आणि तेही चर्चमध्ये.

तर गोष्ट बारामतीची. माझी धाकटी बहीण सलोमी, वय बारा, हिचं दृढीकरण होतं. जे मित्र आमच्यातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो... बाप्तिस्मा आईबाप करून टाकतात, तेव्हा आपण पाळण्यात असतो. दृढीकरणाला आपण स्वतः 'हो' म्हणायचं असतं. बिशपस्वामी कपाळाला तेल लावतात आणि त्या वेळी एक मोठं माणूस आपल्या खांद्यावर उजवा हात ठेवून मागं उभं असतं. बाप्या असेल तर त्याला धर्मपिता म्हणायचं.

धर्मपिता कोण हवा, त्या चिठ्ठीवर सलोमीनं माझं नाव लिहिलं. माझं! आयटीआय अर्धवट सोडलेला, भाजीच्या पिकअपवर आज कऱ्हाटी, उद्या इंदापूर करत फिरणारा मी... दोन दिवस हवेत होतो. शर्ट इस्त्रीला टाकला.

मग चर्चच्या ग्रुपवर फादरचा मेसेज आला, 'धर्मपित्यांनी रविवारी दाखला घेऊन यावे.' आता आपल्याकडं दाखला म्हटलं की एकच. पेटीच्या तळातून काढला, लॅमिनेशन करून घेतला आणि सगळ्यांसमोर फादरच्या हातात दिला.

फादरनी वाचला. उलटून पाहिला. "विकास, हा शाळा सोडल्याचा आहे रे. मला दृढीकरणाचा हवा."

पोरं जी हसली... "दादा, वर्तणूक काय लिवलीय?" एकानं मागून विचारलंच.

दृढीकरणाचा दाखला माझ्याकडं नाही, कारण माझं दृढीकरणच झालेलं नाही. मी तेराचा असताना बिशपस्वामी आले होते आणि त्याच दिवशी सकाळी मी मित्रांबरोबर पळसदेवला पळालो. उजनीचं पाणी उतरलं होतं, जुनं देऊळ वर आलं होतं. काय दिसतं ते... पायाखाली भेगाळलेला गाळ, त्यात शिंपले, लांब एक होडी कोरड्यातच कलंडलेली. असो, विषय तो नाही. घरी आल्यावर आईनं जे सुनावलं ते आजही पाठ आहे. "देऊळ पाणी उतरलं की दिसतंयच की! बिशपस्वामी काय पाणी उतरल्यावर येत्यात व्हय रं?"

तर नियम असा, की ज्याचं स्वतःचं झालेलं नाही त्याला दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवता येत नाही. चिठ्ठीवरचं माझं नाव खोडलं, त्याच्यावर अमोलचं लिहिलं.

अमोल म्हणजे आमचा तो मावसभाऊ. माळेगावला कारखान्यात लॅबमध्ये आहे. वेळेवर शाळा, वेळेवर नोकरी, दृढीकरणसुद्धा वेळेवर. त्याचं नाव निघालं की आईचा आवाजच बदलतो.

मग मी मुद्दा काढला, बारा हे काय वय आहे का? घरात, पिकअपमध्ये, ग्रुपवर... जिथं जाईन तिथं तेच. या वयात पोरांना आइस्क्रीम कुठलं घ्यायचं ते ठरवता येत नाही, देवाला हो काय म्हणणार? अठराला ठेवा!

फादरनी शांतपणे विचारलं, "अठराचा होतास तेव्हा तू कुठे होतास?" सांगलीला होतो, हळदीच्या गोडाऊनवर. तिथलं चर्च कुठल्या गल्लीत आहे तेही माहीत नव्हतं. फादरपुढं मुद्दा सोडला. ग्रुपवर मात्र चालूच ठेवलं.

शेवटी सलोमीलाच गाठलं. ती कपडे वाळत घालत होती. म्हटलं, "खरं सांग, तुला सगळं कळतंय का? पवित्र आत्मा, त्याची सात दानं..."

तिनं तोंडातला चिमटा काढला. "न्हाय कळत सगळं. म्हणून तर खांद्यावर कुणाचा तरी हात पायजे ना, दादा."

मी टोपलीतला पुढचा चिमटा तिच्या हातात दिला...

दृढीकरणाच्या दिवशी मी मागच्या बाकावर. व्हिडिओ काढायचं काम माझ्याकडं. सगळ्या व्हिडिओत सलोमी थोडी आणि अमोलचं घड्याळच जास्त आलंय, इतका मी त्या हातावर झूम करून बसलो होतो. तेल लावताना तिचा खांदा जरासा थरथरला... अमोलनं हात घट्ट केला. त्याची नोकरी, त्याचा पगार, आईचं कौतुक, कशावरच मी इतका जळलो नव्हतो. तो हात माझा असायला हवा होता.

पुढच्या रविवारी मी धर्मशिक्षणाच्या वर्गात जाऊन बसलो. नऊ पोरं आणि मी. बाकात गुडघे मावत नाहीत. घरी सलोमी पाठांतर घेते. सातातली पाच दानं येतात... नेमकी 'समज' आणि 'सल्ला' एवढीच विसरतो.

आता माझ्या मागं कोण उभं राहणार? सलोमी लगेच म्हणाली, "मी! माझं झालंय की आता." फादर हसायलाच लागले. नियमानं सोळा पूर्ण लागतात. मला म्हणाले, "चार वर्षं थांबतोस का?"

वय वाढवा, वय वाढवा म्हणून बोंबलत फिरलेला मी... पटकन तोंडातून गेलं, "फादर, सोळा कशाला? बारा पुरे की!"

थांबायला काही नाही. पण चार वर्षांत मधेच कुठलं तरी देऊळ पाण्यातून वर येणार आणि मी निघणार, हे मला माहीत आहे. आईनं अमोलचं नाव सुचवलं. मी म्हटलं, बघू... आणि विषय बदलला.

ती चिठ्ठी मी फादरकडून मागून घेतली, पाकिटात आहे. खोडलेलं असलं तरी खालचं नाव वाचता येतं. सलोमे, पहिल्यांदा माझं लिहिलंस, थँक्यू.

एवढं लिहितोय तोवर दारात बाईक वाजली. आई आतून ओरडतीय, "आरं, अमोल आलाय बघ!" मी तर बोलावलं नव्हतं. हातात घड्याळ नाही आज... प्लास्टिकचं फोल्डर आहे, आणि त्यात एक दाखला. इथूनच दिसतोय.

शाळेचा नाही.