अकराची परीक्षा आणि पंखा

पुतणीची परीक्षा अकरा वाजता सुरू होणार होती. पावणेनऊला तिने सराव चाचणी उघडली आणि पडद्याच्या वरच्या कडेला लाल पट्टी आली: खोलीत आवाज आहे. खोलीत आम्ही दोघेच होतो आणि दोघेही गप्प होतो. आवाज टेबलाखालच्या सीपीयूतून येत होता. आतला पंखा पूर्ण वेगाने फिरत होता.

नियम तिने मला आदल्या संध्याकाळी वाचून दाखवले होते. पुण्याच्या एका कंपनीतली जागा, परीक्षा घरून, खोलीत दुसरे कोणी नको, मोबाइल चालणार नाही. आवाजाबद्दल दोन इशारे मिळतात, तिसऱ्याला पेपर बंद. पुन्हा बसता येत नाही. बी.एस्सी. होऊन तिला दीड वर्ष झाले होते. आणखी एक वर्ष वाट पाहायची नाही, तिच्या लग्नाचे बघायचे, असे घरात ठरत आले होते. ठरवणाऱ्यांत माझाही होकार होता.

मी हिंगोलीत बातमीदार आहे. थोरला भाऊ आणि वहिनी हट्ट्याला शेती करतात; लेकीच्या परीक्षेसाठी मी आदल्या दिवशी त्यांच्याकडे आलो होतो. संगणकाचे मला समजते, असा घरातला समज आहे.

आधी चालू असलेले सगळे प्रोग्राम बंद केले. फरक नाही. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. पहिले दहा-बारा सेकंद शांतता होती, मग आवाज चढत गेला आणि वरच राहिला. भाऊ दारात उभा होता.

"मोटारीला असा आवाज आला की बेअरिंग गेलं समजायचं," तो म्हणाला. "तेल सोडू का दोन थेंब?"

"नको."

"काहून?"

"बेअरिंग खरखरतं. हा नुसता जोरात फिरतोय."

वहिनी मागून बोलल्या, "साऱ्या जिल्ह्याला जाब विचारता म्हणं भाऊजी. अन् एक पंखा तुमचं ऐकंना."

सव्वानऊला मी यंत्राच्या सेटिंगचा पडदा उघडला. प्रोसेसरचे तापमान त्यावर दिसते. आकडा ब्याण्णव होता. पंख्याचा दोष नव्हता. आत खरोखरच तापत होते आणि पंखा त्याचे काम करत होता.

सोयाबीनच्या मळणीचे दिवस. ओसरीत कणगीपर्यंत भुसा उडालेला. जाळ्या भुशाने भरल्या असतील, असे धरून मी सीपीयूची बाजू उघडली. आत धुळीचा कण नव्हता. पत्र्यावर हळदीकुंकवाची दोन बोटे होती आणि कोपऱ्यात झेंडूची एक पाकळी.

"हे कोणी उघडलं होतं?"

"परवा खंडेनवमीला," भाऊ म्हणाला. "विळे, मोटार, फवारणीचा पंप, सगळं धुऊन पुसून पूजलं. हेही काढलं. पोरीचं अवजार हाय ना ते. तवापासून आजच चालू केलं."

"पंखा काढला होता?"

"चार स्क्रू तर हायत. मी काढले, हिनं पुसलं."

मी ते चार स्क्रू सोडवले. पंख्याखालचा धातूचा ठोकळा उचलला. त्याची खालची बाजू आणि प्रोसेसरचा वरचा पत्रा, दोन्ही घासलेल्या ताटासारखी लख्ख होती. या दोहोंमध्ये पांढरट पेस्टचा पातळ थर लागतो. तो उष्णता ठोकळ्यात पोहोचवतो. तो नसेल तर पंखा कितीही फिरला तरी उपयोग नाही.

"इथं पांढरं काही होतं का?"

वहिनींनी वाकून पाहिले. मग म्हणाल्या, "व्हय. मीच पुसलं. जुनं वंगण वाटलं. वाळून खडखडीत झालं होतं. म्हटलं परीक्षेला सगळं स्वच्छ असावं."

पुतणीने आईकडे पाहिले नाही. ती घड्याळाकडे पाहत होती. नऊ चाळीस.

वसमतला जाऊन पेस्ट आणण्याइतका वेळ नव्हता. भाऊ मोटारसायकल घेऊन स्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेला. दुकान अजून उघडायचे होते, म्हणून दुकानदाराच्या घरी गेला. तो परतला तेव्हा दहा वाजून अठरा मिनिटे झाली होती. मधल्या वेळात आम्ही तिघे उघड्या सीपीयूभोवती बसून होतो. वहिनींनी चहा केला. तो कोणी घेतला नाही.

त्याने आणलेली पेस्टची ट्यूब चपटी झालेली होती. तळापासून दाबत आणल्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट निघाली. लागते तेवढीच. दुसऱ्यांदा करायला काही उरले नाही. ती प्रोसेसरवर लावून मी ठोकळा सरळ वर ठेवला आणि एका बाजूचा स्क्रू आवळायला घेतला.

भावाने माझे मनगट धरले. "असा नको. ट्रॅक्टरच्या चाकाचे बोल्ट आवळतात तसं. थोडं थोडं, समोरासमोर. न्हाईतर एका अंगाला बसंल."

तो बरोबर बोलत होता. स्क्रूड्रायव्हर मी त्याच्याकडे दिला.

साडेदहाला यंत्र सुरू केले. दहा सेकंद, वीस, तीस. आवाज चढला नाही. तापमान एक्कावन्नवर थांबले. सराव चाचणीत लाल पट्टी आली नाही. पुतणी म्हणाली, "आता सगळे बाहेर जा." दार तिने आतून लावले.

पंखा बंद झाल्यासारखा होता, त्यामुळे घरातले बाकी सगळे ऐकू येऊ लागले. भावाने कोंबड्या परसात हाकलल्या आणि स्वतःही तिकडेच थांबला. मी दाराला कान लावून बसलो. वहिनी अंगणात उभ्या राहिल्या. बाराच्या सुमारास गल्लीच्या टोकाला भंगारवाल्याचा भोंगा वाजला. त्या धावत गेल्या. भोंगा थांबला. नंतर बराच वेळ त्यांचा आवाज येत होता.

साडेबाराला दार उघडले. पेपर पूर्ण जमा झाला होता.

"लाल पट्टी?" मी विचारले.

"एकदा आली."

वहिनी पदराचे टोक मुठीत धरून होत्या. "पंख्यानं?"

"न्हाई," पुतणी म्हणाली. "तुझ्यामुळं. भंगारवाल्याला तू झापत होतीस ना, ते सगळं आत ऐकू येऊन राहिलं होतं."

"अन् त्याचा भोंगा?"

"त्यानं पट्टी न्हाई आली."

सकाळचा चहा वहिनींनी पुन्हा तापवला आणि पहिला कप लेकीला दिला.